एका बादलीत नको

सोनकुसरे काकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. गोळ्या विचारल्या.

नागपूरच्या नंदनवन कॉलनीतल्या घरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मे महिना. सामान अर्धं पोत्यांत, कूलर अजून खिडकीत बसायचा होता, आणि मी दारातल्या खुर्चीवर घामाघूम होऊन चहा पीत होते. इतक्यात शेजारच्या फाटकातून एक उंच, काटक, म्हातारे गृहस्थ आले. पांढराशुभ्र सदरा, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, हातात थंड पाण्याची सुरई. मी मनात म्हटलं, चला, शेजार चांगला मिळाला.

"पाणी ठेवून राहिलो जी," असं म्हणून त्यांनी सुरई ठेवली आणि त्याच दमात विचारलं, "घरात गोळ्या कोणाकोणाच्या चालू आहेत?"

"मी वंदना. आम्ही वर्ध्याहून..."

"नाव मंग सांगजा. गोळ्या?"

माणूस बावचळला की खरं बोलतो. मी सांगून टाकलं, मला थायरॉइडची आहे. केव्हा घेता? सकाळी. कशासंग? मी हातातल्या कपाकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. "अन् ती पांढरी, मोठी, कॅल्शियमची? तुमच्या वयाच्या बाईले ती असतेच." मी म्हणाले, तीही लागलीच घेऊन टाकते, म्हणजे विसरायला नको. काकांनी डोळे मिटले आणि कपाळाला हात लावला.

"एका बादलीत नको जी! एका बादलीत नको!"

मला वाटलं, उन्हाचा परिणाम असेल. नागपूरच्या मे महिन्यात असं होतं म्हणतात. पण काका शुद्धीवर होते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, चहा त्यानंतर बऱ्याच वेळानं, आणि कॅल्शियमची तर थेट दुपारच्या जेवणानंतर, असं त्यांनी बजावलं. वर म्हणाले, "मी सांगतो म्हणून नका करू. डॉक्टरले विचारा. पण विचारा." मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." सांगितलं असेलही. डॉक्टरांचं बोलणं आपण चपला घालता घालता ऐकतो, त्यातलं किती कानात शिरतं?

काका डॉक्टर नव्हते, कंपाउंडर नव्हते. त्यांची सगळी हयात गांधीबागेत कापडाच्या ठोक व्यापारात गेलेली. त्यामुळे औषधशास्त्र त्यांच्या डोक्यात शिरलं ते कापडाच्या वाटेनं. कच्च्या रंगाची साडी आणि पांढरा सदरा एका बादलीत भिजवायचा नाही, हे त्यांचं मूळ सूत्र. बाकी सगळं त्यातून निघालेलं.

"पाह्य वं," ते मला समजावत. सुरईच्या दुसऱ्या खेपेपर्यंत मी 'जी'वरून 'वं'वर आले होते. "पोट म्हणजे बादली. तुझी थायरॉइडची गोळी अन् कॅल्शियमची गोळी तिच्यात एकाच टायमाले पडल्या का एकमेकीले चिकटून बसतात, अन् तशाच बाहेर निघून जातात. तू म्हणशील, मी तर रोज गोळी घेऊन राहिली. घेतली, पण अंगाले कुठं लागली?"

"म्हणजे पोटातून सुटल्या की झालं ना?"

"कायचं झालं! पुढं धोबी आहे."

"धोबी?"

"लिव्हर." काका खुर्ची पुढे ओढून घेत. "सगळ्या गावाचा धोबी एकच. कोणतीही गोळी घे, शेवटी गठ्ठा त्याच्याच घाटावर. आता एखादी गोळी अशी असते का धोब्याले गप्पांत गुंतवून ठेवते. मंग दुसरीचे कपडे धुतलेच जात नाही, गठ्ठा साचून राहते. माणूस म्हणते, मी रोज एकच घेतो. अन् अंगात तिचा ढीग! अन् एखादी अशी चाबूकवाली असते का धोबी दुसरीले आल्याबरोबर धुऊन-वाळवून वापस पाठवते. तिनं काम कधी करावं?"

मी थक्क होऊन ऐकत असे. तोवर माझी समजूत अशी की गोळी गिळली की ती आपापल्या पत्त्यावर जाते. डोक्याची डोक्यात, गुडघ्याची गुडघ्यात. हे बोलून दाखवलं तेव्हा काका खो-खो हसले. "अवं, गोळीले गुडघा कुठं आहे हे माहीत नाही! ती सगळ्या गावातून हिंडते, सगळ्यांच्या दारात जाते. गुडघ्याले भेटते ते जाता जाता." त्यानंतर बरेच दिवस ऑफिसात समोर कोणी येऊन बसलं की माझ्या मनात पहिला विचार येई, यांच्या आत आत्ता कोण कोणाला भेटत असेल?

काकांचं मुख्य हत्यार म्हणजे स्टीलची एक परात. ती घेऊन ते घरोघरी जात आणि म्हणत, "काढा." मग त्या घरातल्या सगळ्या गोळ्या परातीत पडत. हृदयाच्या डॉक्टरांच्या, साखरेच्या डॉक्टरांच्या, हाडाच्या डॉक्टरांच्या, शिवाय गावाकडून आलेलं चूर्ण, शेजारणीनं दिलेली 'मले लागू पडली, तूही घेऊन पाह्य' जातीची गोळी, आणि कोणाची आहे हे कोणालाच न आठवणारी एक तरी पट्टी. काकांचं म्हणणं, डॉक्टर चार असले तरी बादली एकच आहे, आणि चौघांपैकी कोणीही ती सगळी पाहिलेली नाही. ते एका बोटानं पट्ट्या इकडेतिकडे सरकवत, संशयित जोडी वेगळी काढत आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या ताईंकडे नाही तर सरळ डॉक्टरांकडे त्या माणसाला पिटाळत. स्वतः एकही गोळी कधी बंद केली नाही. "बंद करणारा मी कोण? मी फक्त गाठोडं सोडून दाखवतो."

कणीक भिजवायची वेळ झाली की काकू दारात येऊन विचारत, "वंदना, माझी परात पाह्यली का वं? आज कोणाच्या घरी पसरली?"

त्यांच्या सदऱ्याचा वरचा खिसा चालताना सारखा कुरकुरे. गोळ्यांच्या खोक्यातून निघणारे ते बारीक अक्षरांचे कागद ते जमवत आणि भिंगातून वाचत, तेच खिशात असणार असं मी धरून चालले होते.

सगळंच त्यांना कळत होतं असं मात्र नाही. एकदा त्यांनी कुठेतरी वाचलं की संत्र्याच्या जातीचं एक फळ काही गोळ्यांसोबत फार वाईट वागतं, धोब्याला गुंतवतं. झालं. संत्र्यांचा हंगाम, गाव नागपूर, आणि काका सकाळपासून कॉलनीच्या तोंडाशी संत्रेवाल्याच्या हातगाडीशेजारी उभे. गिऱ्हाईक आलं की विचारायचे, "कोलेस्टेरॉलची चालू आहे का? बीपीची कोणती?" संत्रेवाला रडकुंडीला आला. "काका, काहून पोटावर पाय देऊन राहिले?" शेवटी मेडिकलवाल्या ताई दुकान सोडून आल्या आणि त्यांनी उलगडा केला की ते फळ म्हणजे चकोतऱ्याच्या, आपल्या पपनसाच्या गोत्रातलं, आपल्या संत्र्याचा त्यात काही संबंध नाही. काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी तिथल्या तिथे अख्खी टोपली विकत घेतली आणि प्रत्येक दारात संत्री वाटत फिरले. "खा जी. आपलं संत्रं निर्दोष सुटलं."

एका संक्रांतीला तर कहरच झाला. काकूंच्या हळदीकुंकवाला आम्ही नटूनथटून गेलो, तिळगूळ झाला, ओटी भरली, आणि वाण म्हणून हातात आली गोळ्या ठेवायची प्लास्टिकची डबी. सोम, मंगळ, बुध असे कप्पे. काकांनी परस्पर इतवारीच्या बाजारातून आणून ठेवली होती. बायकांची तोंडं अशी झाली की काकू स्वयंपाकघरातून बाहेरच येईनात. "सवाष्णीले हे द्यायचं असते का?" एकजण फणकारली. दारामागून काका म्हणाले, "दरवर्षी वाणात वाटी देता, तिच्यात काय ठेवता? साखर. मंग साखरेची गोळी कुठं ठेवणार?" त्या डब्यांत आता निम्म्या घरी वेलची-लवंग आहे. उरलेल्या निम्म्या घरी गोळ्या आहेत, हेही खरं.

आणि मौदा गावातलं ते लग्न. आम्ही एकाच गाडीतून गेलो होतो. मुलाच्या मामांची दाढ नुकतीच काढलेली, गाल सुजलेला. मांडवात टेकता टेकताच काकांनी त्यांच्याकडून सगळ्या गोळ्यांची नावं वदवून घेतली. संध्याकाळी वरात दारात आली, आणि मामा दोघा-तिघा दोस्तांसोबत जनरेटरच्या मागच्या अंधाराकडे सरकू लागले. काकांनी ते पाहिलं. मांडवाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "मामा! दाताची गोळी चालू आहे! आज दारू नका घेऊ, भल्ल्या उलट्या होतील!" बँडवाले नेमके त्याच घटकेला दम घ्यायला थांबले होते. मामा पितात ही गोष्ट मुलीकडच्यांना अशी कळली.

परतताना गाडीत काका तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मी खोटं बोललो का?"

"खोटं नाही बोलले," काकू खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "तुमाले काय बोलावं ते कळते. कोणापुढं बोलावं ते नाही कळत. याच्यापायी भाऊ तुटला."

काकांनी दुपट्टा तोंडावर ओढून घेतला तो घर येईपर्यंत काढला नाही. दुसऱ्या दिवशी मी काकूंनाच गाठलं.

गांधीबागेतलं दुकान दोघा भावांचं होतं. थोरले दादा गादीवर बसत, भाव बोलत, माणसं सांभाळत. काका माल पाहत. एकदा लाल साड्यांचा मोठा माल आला, आणि कन्हानचा एक जुना व्यापारी लग्नसराईसाठी तो उचलायला बसला. त्यानं विचारलं, रंग पक्का आहे ना? दादा म्हणाले, एकदम पक्का. आणि कोपऱ्यातून काका म्हणाले, "नाही दादा, उतरते. मी भिजवून पाह्यली." व्यापारी उठला. आजूबाजूच्या दुकानांतून लोक हसले. दादांनी सगळ्यांदेखत सांगितलं, या गादीवर एक तर तू बसशील नाही तर मी. काकांनी चपला घातल्या. त्या दिवसापासून दोघा सख्ख्या भावांत अबोला. काकांनी वेगळं लहानसं दुकान टाकलं, चालवलं, वय झालं तेव्हा बंद केलं, पण गांधीबागेतल्या त्या पायरीवर पुन्हा पाय ठेवला नाही.

"अन् हे गोळ्यांचं खूळ?" मी विचारलं.

"ते दवाखान्यातून आणलं त्यांनी." गठ्ठे उचलून दोघा भावांच्या कमरा धरलेल्या, आणि दोघेही दुखण्याच्या गोळ्या पेपरमिंटसारख्या खात. पुढे काकांना हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी दिली. दुसरं काही घेता का, असंही विचारलं होतं. काका नाही म्हणाले. कमरेची गोळी ही काय गोळी असते? ती तर सवय! या दोघींचं आत काय जमलं ते आतच राहिलं, आणि एक दिवस काका चक्कर येऊन पडले. पोटात रक्तस्राव झाला होता. थोडक्यात वाचले. "दादाले कळवू म्हणलं, तर मलेच शपथ घातली," काकू म्हणाल्या. "त्याले सांगशील तर पाह्य, म्हणे."

हे सगळं मला कळलं त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यातली गोष्ट. दोन-तीन दिवस परात खिळ्यालाच टांगलेली दिसली. काका एका सकाळी माझ्या दारात आले, उभे राहिले आणि त्यांनी काहीच विचारलं नाही. मी घाबरले.

"काका, काय झालं?"

"दादाले हार्टचा त्रास झाला वं. घरी आणलं आता." ते चौकटीला धरून उभे होते. "रक्त पातळ करायची सुरू केली त्याले. अन् तो कमरेची सोडणार नाही. डॉक्टरले सांगणारही नाही. मी ओळखतो ना त्याले! मीच तसा होतो."

"मग फोन करा की."

"मी नको म्हणलं का तो दोन जास्त घेईन."

काकूंनी आपल्या जाऊबाईंना फोन करून पाहिला होता. त्या म्हणाल्या, त्यांचा एक पत्र्याचा डबा दुकानातल्या गादीखाली असतो, त्यात काय आहे ते देवाला माहीत, मला हात लावू देत नाहीत. दादांचा संशय असा की बायको फितूर आहे. तो खराही होता.

तेव्हा गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं ते मी, असं ठरलं. काकांनी मला दोन दिवस तयार केलं. कमरेच्या गोळ्यांच्या कोणकोणत्या पट्ट्या असतात, कोणती चांदी, कोणती निळी, ते परातीत मांडून दाखवलं. "काही बोलायचं नाही. चादर पाहायची, भाव करायचा, अन् डब्यावर नजर ठेवायची. पट्टी दिसली का मले सांगायचं. बाकी मी डॉक्टरच्या कानावर घालतो." त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली, आणि मला त्या म्हाताऱ्याची फार माया आली.

गांधीबागेतलं दुकान अरुंद, खोल आणि गार होतं, मागे लागूनच दादांचं घर. दवाखान्यातून येऊन चार दिवस झाले नाहीत तोच दादा गादीवर बसले होते. काकांचाच चेहरा, फक्त जास्त रुंद आणि आता फिका पडलेला. "या बाई, बसा जी. काय दाखवू?" त्यांनी विचारलं.

चादर दाखवा, असं मी म्हणायचं होतं. पण संगतीचा परिणाम म्हणतात तो हा. मी बसले, पदर सावरला आणि माझ्या तोंडून निघालं, "काका, गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "नंदनवनातून आल्या का जी?"

मी मान खाली घातली.

"वामननं पाठवलं." त्यांची कानशिलं लाल झाली. "त्याले सांगा, माझा रंग मी पाहून घेतो. भर बाजारात माझी इज्जत काढली तेव्हा समाधान नाही झालं त्याचं? आता माझ्या गोळ्याही भिजवून पाहणार?" त्यांनी गादीखालून डबा ओढला, त्यातून एक गोळी काढली आणि माझ्यासमोर पाण्याच्या घोटासोबत गिळली. "घेतली. सांगा जाऊन."

पट्टी चांदीची होती. काकांनी दाखवली होती तीच.

मी बाहेर आले, समोरच्या रसवंतीत बसले आणि काकांना फोन केला. त्यांनी माझ्यासमोर घेतली, एवढंच म्हटलं. पलीकडून फोन बंद झाला होता.

भर उन्हात काकांची जुनी स्कूटर गल्लीत शिरली तेव्हा माझा रस अजून संपला नव्हता. डोक्याला दुपट्टा, हँडलला पिशवी, पिशवीतून परातीची कड बाहेर आलेली. ते तरातरा आले आणि दुकानाच्या पायरीशी थबकले.

आत गिऱ्हाईक होतं. एक आई आणि तिची लग्नाची मुलगी. समोर लाल साड्या पसरलेल्या. दादांनी काकांना पाहिलं, काकांनी दादांना. मला मौद्याचा मांडव आठवला. मी ग्लास ठेवून धावत पायरीपाशी गेले. आता हे इथूनच ओरडणार, आणि जे काही उरलंय तेही संपणार, अशी माझी खात्री होती.

काका ओरडले नाहीत. त्यांनी दुपट्टा सोडला, तोंड पुसलं आणि उन्हातच उभे राहिले.

"भाऊ, रंग जाणार नाही ना हिचा?" आईनं एका साडीवर हात ठेवून विचारलं.

काकांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि दुकानाच्या पंख्याकडे नजर लावली, जणू पंखा पाहायलाच आले होते. दादांचा हात साडीच्या काठावर थांबला. त्यांनी पायरीकडे एकदा पाहिलं.

"जाते जी," दादा म्हणाले. "पहिल्या पाण्यात थोडा जाते. सुरुवातीले वेगळी भिजवजा, मंग काही नाही."

मायलेकींनी तीच साडी घेतली आणि त्या गेल्या.

"वर ये ना," दादा पायरीकडे न पाहता म्हणाले. "उन्हात काहून उभा आहे?"

"गिऱ्हाईक बसलं होतं ना दादा."

काका वर चढले. काकांच्या वहिनी आतल्या दारात येऊन तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. काकांनी गादीवर परात मांडली. दादांनी मुकाट्यानं डबा उपडा केला. पट्ट्यांचा ढीग पडला, आणि काका एका बोटानं एकेक सरकवू लागले. चांदीची पट्टी आली तेव्हा बोट थांबलं.

"ही केव्हापासून घेऊन राहिला?"

"तू गेला तेव्हापासून जास्त. गठ्ठे उचलाले दुसरं कोण होतं?"

काकांनी ती पट्टी बाजूला काढली आणि विचारलं, "संडासले काळं होते का?"

"अबे, बाई बसली आहे ना!"

"होते का दादा?"

दादांनी नजर चुकवली. "होऊन राहिलं थोडं. अन् उठलो का गरगरते."

काकांनी तिथल्या तिथे दादांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की ती गोळी पुन्हा द्यायची नाही आणि आत्ताच्या आत्ता घेऊन यायचं. मी ऑटो थांबवायला धावले. पुढचं आधीच सांगून टाकते, नाही तर तुमचा जीव टांगणीला लागेल. दादा वेळेवर पोचले, आठवडाभर दवाखान्यात राहिले आणि आता बरे आहेत. कमरेसाठी डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं आहे.

पण मी ऑटो घेऊन परत आले तेव्हाचं सांगायचं आहे. दादा चपलेत पाय घालून गादीच्या कडेला बसले होते, आणि काका परातीतल्या पट्ट्या डॉक्टरांना दाखवायला पिशवीत भरत होते.

"तुले कसं कळलं गा हे काळं-बिळं?" दादांनी विचारलं.

"माझंही झालं होतं. पोटात रक्त जाऊन राहिलं होतं. दवाखान्यात होतो."

"केव्हा?"

"झाले काही वर्षं. वाचलो थोडक्यात."

"अन् मले सांगतलं नाही?"

"तू बोलत नव्हता."

"बोलत नव्हतो. मेलो नव्हतो ना!" दादांचा आवाज चिरकला. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, आणि मग भावाच्या सदऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "तुझ्या कोणत्या चालू आहेत?"

काका गोंधळले. सबंध नंदनवनाच्या गोळ्या त्यांना तोंडपाठ होत्या, पण हा प्रश्न त्यांना उलटून कोणी विचारला नव्हता. मीही नाही. त्यांनी खिशात हात घातला. खिसा कुरकुरला, आणि बाहेर आले ते कागद नव्हते. पट्ट्या होत्या, कडा झिजलेल्या, अंगाच्या उबेनं वाकलेल्या. एकेक करून त्यांनी त्या परातीत ठेवल्या.

दादांनी चष्मा लावला, परात मांडीवर ओढली आणि एक पट्टी उजेडाकडे धरली. "ही कशाची?"

"बीपीची."

"अन् ही?"

बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. वहिनी म्हणाल्या, अहो, उशीर होऊन राहिला.

"थांब ना गा एक मिनिट," दादा दाराकडे ओरडले. "याच्या पाहून घेऊ दे."